केगल सांगितले, तपासले कोणी?

शिंक येताच पाय आवळून उभ्या राहणाऱ्या, एसटीच्या प्रवासाआधी पाणी तोडणाऱ्या, गडद रंगाचीच सलवार निवडणाऱ्या बायका आपल्या आसपास भरपूर आहेत. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘दोन बाळंतपणं झाली, चालायचंच.’ डॉक्टरांकडेही लघवी गळण्याचा हा विषय निघतो तो उठता उठता, दाराशी. टेबलापलीकडून सल्ला येतो, ‘केगल करा.’ संपलं.

गोची इथेच आहे. अर्नॉल्ड केगल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ मध्ये हा व्यायाम मांडला, तेव्हा सोबत एक उपकरणही होतं, पेरिनिओमीटर. योनिमार्गात ठेवलेल्या रबरी भागावर स्नायूंचा जोर पडला की बाहेरच्या तबकडीवरचा काटा हलायचा आणि बरोबर आवळलं की नाही, हे बाईला स्वतःच दिसायचं. व्यायाम जगभर गेला, तबकडी मागे राहिली. १९९१ च्या एका अमेरिकी अभ्यासात ४७ स्त्रियांना नुसत्या तोंडी सूचना देऊन आतला दाब मोजला. नीट जमलं ते निम्म्याहून किंचित कमी जणींना. साधारण पाव जणी तर अशा काही जोर देत होत्या की गळती वाढायचीच भीती!

आपल्याकडे तपासणीचाच दुष्काळ. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या, ते निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग होता. आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

केगलमध्ये आवळायची ती जघनास्थीपासून माकडहाडापर्यंत बांधलेली स्नायूंची झोळी. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय हिच्या आधारावर. प्रसूतीत ती ताणली जाते, जुनाट खोकला आणि बद्धकोष्ठता तिला रोज दाबत राहतात. पण मूल न झालेल्या, उड्या मारणाऱ्या खेळाडू मुलींनाही हा त्रास होतो, तेव्हा सगळं खापर बाळंतपणावर फोडू नये.

वारा सरू नये म्हणून आपण जे आवरतो, ते हेच स्नायू. ते आत आणि वर ओढले गेले पाहिजेत. पोट, मांड्या सैल, श्वास चालू. खाली ढकलल्यासारखं वाटलं तर चुकतंय. लघवी मध्येच थांबवणं हा रोजचा व्यायाम नव्हे. ब्रिटनमधली शिफारस अशी: एका वेळी किमान आठदा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने, आणि तेही जाणकाराच्या देखरेखीखाली. १९९८ मध्ये मिशिगनच्या संशोधकांनी सौम्य त्रास असलेल्या काही स्त्रियांना फक्त खोकण्याच्या क्षणभर आधी आवळायला शिकवलं. आठवडाभरातच गळती कमी झाली.

कुलपात किल्ली घालताच धावावं लागतं, तो प्रकार वेगळा. तिथे मूत्राशयाला वेळेची सवय लावावी लागते. ‘निघण्याआधी जाऊन येते’ची सवय त्रास वाढवू शकते, आणि पाणी तोडल्याने दाट झालेली लघवी मूत्राशयाला आणखी चिडवते. अंग बाहेर येत असेल तर आत बसवायची साधी रिंगही मिळते. दर वेळी गर्भपिशवी काढावी लागत नाही. लघवीत रक्त दिसलं तर मात्र व्यायाम करत बसू नये, आधी डॉक्टर गाठावा.

फ्रान्समध्ये बाळंतिणीला या स्नायूंच्या प्रशिक्षणाची सत्रं लिहून दिली जातात, खर्च सरकारी आरोग्य विमा उचलतो. आपल्याकडे दवाखान्यातून घरी निघताना बाळाच्या लसींच्या तारखा मिळतात. आईला टाक्यांची काळजी आणि तांबीची चौकशी.