पाच पट्ट्यांतला भूप

'आता तुझं तुझं काहीतरी वाजव' म्हटलं की क्लासातली भली हुशार मुलंही गप्प होतात. बंदिश पाठ, ताना पाठ. पण स्वतःची एक जागा काढायची तर हात उचलत नाही. भलताच स्वर लागेल, ही धास्ती.

ती घालवायला टॅबलेट बरा. गॅरेजबँडच्या कीबोर्डवर 'मेजर पेंटाटॉनिक' स्केल निवडलं की मध्यम-निषाद पडद्यावरून नाहीसेच होतात. उरतात सा रे ग प ध, म्हणजे भूपाचे स्वर. सा पांढरी एकचा ठेवा, दुसऱ्या मोबाइलवर त्याच पट्टीत तानपुरा आणि तीनतालाचा ठेका लावा. वर्ज्य स्वर आता लागूच शकत नाही.

म्हणून भूप झाला का? नाही. देशकाराचेही हेच पाच स्वर. भूपात वादी गंधार, देशकारात धैवत. कुठे थांबायचं हे ॲप सांगत नाही, ते शिकवणाऱ्यानंच सांगायचं.

सुरुवातीला सा रे ग एवढेच स्वर द्यावेत. एक आवर्तन वाजवायचं, गंधारावर थांबायचं, पुढचं आवर्तन नुसतं ऐकायचं. (मुलांना हे ऐकणंच जड जातं.) मग तिहाई. खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून 'ध प ग' तीनदा: 9-10-11, 12-13-14, मग 15, 16 आणि शेवटचा गंधार बरोबर समेवर. गणित मुलांना चटकन कळतं, बोटं मात्र घाई करतात आणि सम यायच्या आत तिहाई संपते. दोन-चारदा फसून ती जमली की म्हणावं, आता तीन मात्रांचा तुकडा तुझा तू शोध. कुणी 'रे प ग' आणतं, कुणी 'सा रे ग'. उपज म्हणतात ती इथून पुढे.

एक खोट राहतेच. पडद्यावरचा गंधार सप्तकाच्या बारा समान भागांतला, 400 सेंटचा. तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार सुमारे 386 चा, म्हणजे जरा उतरलेला. आकाशवाणीनं 1940 पासून तीसेक वर्षं पेटीवर बंदी घातली, त्यामागे अशीही एक तक्रार होती. तेव्हा बोटांना सुचलेलं लगेच तानपुऱ्यावर गाऊन घ्यावं.

आणि ॲपचा ठेका कुणाचं ऐकत नाही. मुलाची तिहाई हुकली काय, साधली काय, तो तसाच चालतो. आठवड्यातून एकदा तरी तबलजीला बोलवा.