एका पाण्याचे जीव त्याच पाण्यात

हिंगोली जिल्ह्यातील वारंगा फाटा हे कळमनुरी तालुक्यातील ठिकाण रस्त्यांमुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. नांदेडहून अर्धापूरमार्गे आलेला महामार्ग येथे दुभंगतो. एक वाट कळमनुरी, हिंगोली, वाशीम अशी अकोल्याकडे जाते, तर दुसरी हदगाव, उमरखेड, यवतमाळ अशी नागपूरकडे. प्रवासी येथे घटकाभर विसावतात, फाट्यावरची गरम खिचडी खातात आणि आपापल्या वाटेला लागतात.

नकाशा जरा बारकाईने पाहिला, तर हा फाटा जलाशयांच्या वाटांचाही आहे, हे ध्यानी येते. उत्तरेला पैनगंगेवरील ईसापूर धरण, पश्चिमेला पूर्णेवरील सिद्धेश्वर आणि त्याच्याही वरच्या अंगाला येलदरी, दक्षिणेला नांदेडजवळ गोदावरीवरील विष्णुपुरी. घरासारखी सोय असलेली गाडी आणि तिच्या टपावर एक हलकी होडी असेल, तर एखादे कुटुंब दोन-तीन दिवसांत तीन नद्यांच्या पाण्यावर जाऊन येऊ शकते.

ही कल्पना आता अगदीच दूरची राहिलेली नाही. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेल्या गाडीतून प्रवास करण्याची हौस मराठी कुटुंबांतही रुजू लागली आहे. शुद्ध सात्त्विक आहाराचा नियम पाळणाऱ्या घरांना तर आपले स्वयंपाकघर आपल्याबरोबर असणे ही मोठीच सोय वाटते. अशा गाडीबरोबर कॅनो, म्हणजे वल्ह्याने चालवायची निमुळती होडी, नेण्याची रीत परदेशांत जुनी आहे. जर्मनीत विसाव्या शतकाच्या आरंभीच घडी घालून पिशवीत भरता येणाऱ्या होड्या तयार झाल्या आणि लोक त्या आगगाडीतून नदीकाठी नेऊ लागले. आज हवा भरून फुगवता येणाऱ्या होड्याही मिळतात. जागा आणि वजन या दोन्ही दृष्टींनी लहान गाडीला त्याच अधिक सोयीच्या.

अखंड सांगाड्याची होडी न्यायची, तर ती टपावर पालथी ठेवतात. टपावर किती वजन चालते, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. दोन आडव्या दांड्यांवर रुंद पट्ट्यांनी ती आवळावी आणि पुढचे व मागचे टोक स्वतंत्र दोरीने बांधावे. निघाल्यावर काही किलोमीटरांनी थांबून पट्ट्या पुन्हा तपासाव्यात, कारण भरधाव मालमोटारीच्या झोताने सैल होडी सहज हलते. होडीसह गाडीची एकूण उंची लिहून चालकासमोर लावावी. खेड्यातील लोंबत्या विजेच्या तारा आणि कमी उंचीच्या कमानी यांचा विसर पडू नये. गाडीत कायमचा फेरफार करायचा असेल, तर आधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी. मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 52 अशा फेरफारांवर बंधने घालते.

येथपर्यंतची काळजी माणसांची आणि वाहनाची झाली. आणखी एक काळजी आहे, तिच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

पाणी वरून खाली वाहते. पैनगंगेचे पाणी वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा यांची प्राणहिता होते आणि ती खूप पुढे पूर्वेला गोदावरीत विलीन होते. म्हणून ईसापूरच्या जलाशयातील एखादा सूक्ष्म जीव किंवा वनस्पतीचा तुकडा आपल्या बळावर येलदरीत पोहोचण्याचा संभव जवळजवळ नसतो. होडी मात्र रस्त्याने चढते. तिच्या तळाशी राहिलेले ओंजळभर पाणी, वल्ह्याला चिकटलेला चिखल, दोरीत अडकलेले शेवाळ यांच्याबरोबर एका जलाशयातील जीव तासाभरात दुसऱ्या जलाशयात जाऊन पडतात.

याचे परिणाम अमेरिकेने भोगले आहेत. काळ्या समुद्राच्या परिसरातील झेब्रा शिंपला जहाजांच्या पाण्याबरोबर उत्तर अमेरिकेत आला आणि 1988 मध्ये तेथील महासरोवरांच्या प्रदेशात आढळला. त्याचाच भाईबंद असलेला क्वागा शिंपला 2007 मध्ये तेथून हजारो किलोमीटर दूरच्या मीड सरोवरात सापडला. गाडीमागे ओढून नेलेल्या बोटीबरोबर तो तेथे गेला असावा, असे जाणकार मानतात. त्याची पिल्ले डोळ्यांना दिसत नाहीत. वाढल्यावर मात्र ती पाणीपुरवठ्याच्या नळांत थरावर थर रचतात. आपल्याकडे जलपर्णीचे उदाहरण समोरच आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती लहानशा फुटव्यापासूनही पसरते. तिने पृष्ठभाग झाकला की पाण्यातील प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात, मच्छीमारांची होडी पुढे सरकत नाही आणि डासांना घर मिळते. चार घटकांच्या आनंदासाठी आलेला पाहुणा निघून जातो. ओझे मात्र काठावरच्या गावावर राहते.

यावर 2011 पासून ब्रिटनमध्ये तीन शब्दांचा उपाय सांगितला जातो: तपासा, धुवा, वाळवा. जैन कुटुंबातील वडीलधाऱ्यांना यात नवे काही वाटणार नाही. विहिरीचे पाणी दुहेरी जाड कापडातून गाळल्यावर ते कापड गाळलेल्याच पाण्याने खळबळून, त्यावरील जीव ज्या विहिरीचे पाणी होते त्याच विहिरीत परत पोहोचवण्याची रीत अनेक घरांत होती. तिलाच जिवाणी म्हणतात. ती वरून ओतून द्यायची नाही. खास कडीच्या बादलीतून ती पाण्यापर्यंत नेऊन अलगद सोडायची. एका पाण्याचा जीव दुसऱ्या पाण्यात जगेलच असे नाही, आणि जगला तर तेथील जीवांना तो सुखाने जगू देईलच असेही नाही. पहिली गोष्ट पूर्वजांनी करुणेने ओळखली, दुसरी आजच्या शास्त्राने दाखवून दिली. आचरण दोहोंचे एकच.

होडीच्या बाबतीत ही जिवाणी अशी पाळता येते. पाण्यातून बाहेर येताच, काठ सोडण्यापूर्वी, होडी उलटी करून सर्व पाणी त्याच जलाशयात सोडावे. तळ, वल्ही, दोऱ्या, जीवरक्षक जाकिटे आणि चपला हातांनी चाचपून पाहाव्यात. शेवाळ, शंख, किडे तेथेच हळुवारपणे परत ठेवावेत. कोपऱ्यांतील ओल स्पंजाने टिपून तीही तेथेच पिळावी. जलपर्णीचा तुकडा दिसला, तर तो मात्र पाण्यात न टाकता काठापासून दूर कोरड्या जागी ठेवावा. त्यानंतर घरी किंवा मुक्कामी, जलाशय व ओढ्यांपासून दूर, गाळलेल्या पाण्याने होडी धुवून उन्हात वाळवावी. हाताला कोरडी लागल्यावर आणखी किमान 48 तास थांबावे, असे न्यूझीलंडमध्ये सांगतात. म्हणून एका सहलीत एकच जलाशय ठरवणे उत्तम. तीन नद्या तीन सहलींसाठी राखून ठेवाव्यात.

वाळवताना उरलेले काही सूक्ष्म जीव मरतील, हे नाकारता येत नाही. म्हणूनच क्रमाला महत्त्व आहे. काठावर जितकी सावधानता अधिक, तितके उन्हात मरणारे जीव कमी. गृहस्थाच्या हातून आरंभी हिंसा पूर्णपणे टळत नाही. यत्नाचाराने ती उणी करणे मात्र त्याच्या हाती असते.

पाण्यावर जाण्यापूर्वी धरणाच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी आणि मच्छीमारांना विचारून त्यांच्या जाळ्यांपासून दूर राहावे. भिंत व दरवाजे यांच्या जवळ जाऊ नये, पावसाळ्यात होडी काढूच नये. प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असावे आणि सूर्यास्तापूर्वी काठ गाठावा. रात्रिभोजन वर्ज्य असलेल्या घराला हा शेवटचा नियम जड जाऊ नये.

मग पुन्हा वारंगा फाटा येईल. टपावरची होडी कोरडी असेल आणि ज्या पाण्याने आनंद दिला, त्याचे जीव त्याच पाण्यात असतील.