इंजिन स्वस्तात मिळतं, पण गिअरबॉक्समुळे बजेट कोलमडतं. 'एलएस स्वॅप'चं गणित नेमकं काय असतं?

जुनी निसान किंवा मझदा, बॉनेट उघडलं की आत शेवरलेचं भलंमोठं व्ही८ इंजिन. असे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये येऊन गेले असतील. अमेरिकेत या उद्योगाला 'एलएस स्वॅप' म्हणतात.

जनरल मोटर्सने १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये एलएस१ नावाचं ५.७ लिटरचं इंजिन आणलं. १९९९ पासून त्याच कुळातली ४.८, ५.३ आणि ६ लिटरची इंजिनं कंपनीच्या पिकअप आणि एसयूव्हींमध्ये बसू लागली. या गाड्या प्रचंड खपल्या. आता त्या म्हाताऱ्या होऊन तिथल्या भंगार यार्डात येतात, त्यामुळे इंजिन स्वस्तात हाती लागतं.

पण यातल्या बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक होत्या. म्हणजे ज्याला हाताने गिअर टाकायचे आहेत, त्याला मॅन्युअल गिअरबॉक्स वेगळा शोधावा लागतो. बजेटला खरं भोक पडतं ते इथे.

पर्याय कोणते?

सगळ्यात सरळ पर्याय म्हणजे टी-५६. १९९८ ते २००२ च्या कॅमॅरोमध्ये हा सहा गिअरचा बॉक्स कंपनीनेच एलएस१ ला जोडला होता, त्यामुळे जोडणीची कटकट कमी. पण सगळ्यांना तोच हवा असतो. म्हणून कित्येकदा तो ट्रकच्या इंजिनापेक्षाही महाग पडतो. स्वस्त दिसला म्हणून कॉर्व्हेटचा टी-५६ उचलणारे मात्र फसतात. कॉर्व्हेटमध्ये गिअरबॉक्स मागे डिफरन्शियलला जोडलेला असतो. तो साध्या गाडीत इंजिनामागे तसाच बसत नाही.

दुसरा पर्याय टी-५. मस्टँगमधला हा पाच गिअरचा बॉक्स हलका आहे, जेमतेम ३४-३५ किलोचा. १९९० ते ९३ च्या मस्टँगमधल्या टी-५ ची क्षमता सुमारे ४०७ न्यूटन-मीटर टॉर्कची होती. ५.३ लिटरचं ट्रक इंजिन साधारण ४४० ते ४५० देतं. याचा अर्थ पहिल्याच दिवशी दात तुटतील असा नाही. गाडी हलकी, टायर साधे आणि चालवणारा शांत असेल, तर तो बरीच साथ देतो. पण रुंद, चिकट टायर लावून क्लच धाडकन सोडायची सवय असेल, तर तो फार टिकत नाही.

तिसरा पर्याय निसान ३५०झेडचा सीडी००९. सहा गिअरचा आणि दणकट म्हणून ड्रिफ्टिंगवाल्यांचा लाडका. अडचण एकच, त्याचं बेल हाउसिंग मुख्य कवचासोबत एकसंध ओतलेलं असतं. त्यामुळे एलएसला जोडताना सहसा ते कापून अ‍ॅडाप्टर बसवावा लागतो. म्हणजे बॉक्सच्या किमतीत अ‍ॅडाप्टर आणि मशीनिंग धरायलाच हवं.

चौथा, ट्रकमधला एनव्ही४५००. ताकदीची चिंता नाही, पण कवच लोखंडी आणि वजन जवळपास ९० किलो. शिवाय तो ओझं ओढण्यासाठी बनलाय.

दणकट म्हणजे योग्य, असं का नाही?

याचं उत्तर गिअर रेशोत आहे. एनव्ही४५०० चा पहिला गिअर ५.६१ चा, तर कॅमॅरोच्या टी-५६ चा २.६६ चा. डिफरन्शियल ३.४२ चं आणि चाकाचा व्यास ६५ सेंटिमीटर धरू. इंजिन ५,५०० आरपीएमला पोहोचेल तेव्हा एनव्ही४५०० ची गाडी पहिल्या गिअरमध्ये ताशी ३५ किलोमीटरवर असेल आणि टी-५६ ची ७४ वर. हलक्या कारला पहिल्यात फक्त धुरळा उडेल आणि लगेच दुसरा टाकावा लागेल.

हायवेवर टॉप गिअर महत्त्वाचा. त्या टी-५६ चा सहावा गिअर ०.५० चा आहे. त्याच गाडीत ताशी १०० ला इंजिन जेमतेम १,४०० आरपीएमवर फिरतं. टी-५ चा पाचवा ०.६८ चा, म्हणजे साधारण १,९००.

छुपा खर्च कुठे लपतो?

ऑटोमॅटिक इंजिनाला मागे पातळ फ्लेक्सप्लेट असते. तिच्या जागी फ्लायव्हील, प्रेशर प्लेट आणि क्लच प्लेट घ्यावी लागते. क्लच प्लेटचा व्यास फ्लायव्हीलला आणि मधल्या खाचा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टला जुळायला हव्यात. मस्टँगच्या टी-५ ला १० खाचा असतात, कॅमॅरोच्या टी-५६ ला २६.

शेवरलेच्या जुन्या व्ही८ साठी बनलेला बॉक्स एलएसला बोल्टने जवळपास जुळतो, पण बहुतेक एलएसच्या क्रँकशाफ्टचं मागचं टोक सुमारे १० मिलिमीटर आत असतं. योग्य पायलट बेअरिंग आणि स्पेसर नसेल, तर इनपुट शाफ्टला नीट आधार मिळत नाही आणि बॉक्स आतून खराब होतो.

अ‍ॅडाप्टर वापरला की बेल हाउसिंग केंद्रात आहे का, हे डायल गेजने तपासतात. ०.००५ इंच, म्हणजे सुमारे ०.१३ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. याहून जास्त असेल तर गिअर अडकतात आणि बेअरिंग जातं.

यावर नव्या मापाचा प्रोपेलर शाफ्ट, गिअरबॉक्सचं माउंटिंग, क्लचचं हायड्रॉलिक आणि ईसीयूमधून ऑटोमॅटिकचं प्रोग्रामिंग काढणं. गिअर लिव्हर सीटच्या फार मागे किंवा डॅशबोर्डखाली येत असेल, तर बॉडीही कापावी लागते. टी-५६ आणि नंतरच्या टी-५ मध्ये घट्ट गिअर ऑइल चालत नाही, एटीएफ लागतं. तिथे चुकलं तर सिंक्रोनायझरची वाट लागते.

मग निवड कशी करायची?

यार्डातल्या किमतीवर भुलायचं नाही. प्रत्येक बॉक्ससमोर अ‍ॅडाप्टर, क्लच, शाफ्ट, मशीनिंग आणि दुरुस्ती लिहून बेरीज करायची. हे इंजिन घेण्याआधी करायचं. अनेकदा 'महाग' टी-५६ आणि 'स्वस्त' बॉक्स यांच्यातलं अंतर या बेरजेत बरंच कमी होतं. बेरीज न करणाऱ्यांचे प्रोजेक्ट अर्धवट अवस्थेत वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये पडून राहतात.

हे पाहून आपल्याकडे कुणाचा हात शिवशिवत असेल, तर आधी कायदा पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतली माहिती जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाजू उचलून धरली. त्यामुळे भारतात रस्त्यावरच्या गाडीत दुसऱ्याच कंपनीचं इंजिन टाकायचा विचार असेल, तर सुटे भाग शोधण्याआधी आरटीओत चौकशी करणंच शहाणपणाचं.