गाविलगड ते दसरा मैदान

चिखलदऱ्याजवळ गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर हत्तींना जेरीस आणणारे सिंह आणि गंडभेरुंड कोरलेले आहेत. जिंकणाऱ्याने आपली ताकद दगडात लिहून ठेवायची, ही जुनी रीत. पण याच गडावरचा सर्वांत मोठा प्रसंग पराभवाचा आहे आणि त्याची आठवण जिंकणाऱ्यांनीच अधिक निगुतीने जपली.

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी आज तेल्हारा तालुक्यात असलेल्या अडगाव-सिरसोलीच्या मैदानात आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पाडाव केला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. दोनच दिवसांत देवगावचा तह झाला आणि वऱ्हाड निजामाकडे गेला. पुढे १८५१ मध्ये, म्हणजे तब्बल ४८ वर्षांनी, इंग्रजांनी या मोहिमांसाठी पदक काढले. तोवर हयात असलेल्यांनाच ते मिळायचे. रिबिनीवरच्या चांदीच्या पट्टीवर अडगावचे आणि गाविलगडचे नाव इंग्रजी वळणाने कोरलेले असे. आपल्या शिवाराचे नाव छातीवर लावून कुणी म्हातारा सोजीर विलायतेत फिरत होता, आणि गड लढवताना धारातीर्थी पडलेल्या किल्लेदार बेनीसिंगाचे नाव मात्र इथल्या पोरांना सांगावे लागते. मला हे फार लागते. हरलेल्या बाजूच्या शौर्याची आठवण ठेवण्यात कसला आला कमीपणा?

वऱ्हाडाने विजय जपला तो तालमीच्या मातीत. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी अमरावतीत व्यायामशाळा सुरू केली. तेच आजचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाचे पथक तिथे गेले आणि त्याने कबड्डीसारखे देशी खेळ करून दाखवले. त्याच वर्षी भारताने जर्मनीला ८-१ ने हरवून हॉकीचे सुवर्ण जिंकले. ते देशाच्या तोंडी राहिले, साहजिकच. अमरावतीच्या पथकाने तिथे कुणाला हरवले नव्हते. तरी गुलाम देशातली पोरे जगासमोर ताठ उभी राहिली, हा माझ्या लेखी विजयच.

मंडळाची खरी ओळख होते दसऱ्याला. अंबादेवी आणि एकवीरादेवीच्या पालख्या सीमोल्लंघनाला निघतात आणि दसरा मैदानावर कसरती रंगतात. मल्लखांबावर एखादे पोर उलटे लटकून हात सोडते, तेव्हा क्षणभर सगळ्यांचा श्वास अडकतो. मग सोने देणे-घेणे, थोरामोठ्यांच्या पाया पडणे.

क्रिकेटचा जल्लोष अलीकडचा. रणजीत १९५७-५८ पासून खेळणाऱ्या विदर्भाला पहिला करंडक १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये मिळाला, दिल्लीला हरवून. अकोल्याच्या आदित्य ठाकरेचे प्रथम श्रेणीतले पदार्पण त्याच अंतिम सामन्यात झाले. पुढच्याच मोसमात दुसरा आणि २०२५ मध्ये तिसरा करंडक आला. त्याच २०२५ च्या जूनमध्ये अमरावतीचा जितेश शर्मा ज्या बंगळुरू संघात होता, त्याने आयपीएल जिंकली. दुसऱ्या दिवशी बंगळुरूत विजयाच्या स्वागताला लोटलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ११ जणांचा जीव गेला. अमरावतीकरांच्या आनंदावरही त्या दिवशी विरजण पडले.

गर्दी जमवणे सोपे, तिला शिस्त लावायला वर्षानुवर्षांचा सराव लागतो. तो आपल्याकडे आहे. म्हणून येत्या २९ नोव्हेंबरला अडगावात पोरापोरींचे कबड्डीचे सामने भरवावेत आणि पहिल्या चढाईआधी सिरसोलीच्या शिवारात दोन्ही बाजूंनी पडलेल्यांची, त्यांच्याबरोबर बेनीसिंगाचीही, आठवण काढावी.