गुप्त मार्गाचे साक्षीदार
पडद्यामागची मुशाफिरी : लेखांक सहावा

‘अमेझिंग रेस’ ही स्पर्धा अमेरिकेत ५ सप्टेंबर २००१ रोजी पडद्यावर आली. दोघादोघांच्या जोड्या सुमारे तीन-चार आठवड्यांत देशोदेशींची कामे उरकीत पृथ्वीप्रदक्षिणा कशी करतात, आणि दर मुक्कामाला शेवटी पोचणारी जोडी बहुधा बाद कशी होते, हे गेल्या लेखांकात आपण पाहिले. चित्रीकरण संपल्यावर ते घरोघर दिसेपर्यंत काही महिने लोटतात. बत्तिसावे पर्व तर २०१८ च्या अखेरीस चित्रित होऊन ऑक्टोबर २०२० मध्ये प्रक्षेपित झाले, म्हणजे हैदराबादेत झालेल्या धावपळीची हकीकत जवळजवळ दोन वर्षे दप्तरबंद राहिली. या मधल्या काळात मार्ग आणि निकाल झाकून ठेवणे हा निर्मात्यांचा धर्म, आणि ते झाकण उचलून पाहणे हा चाहत्यांच्या एका चिकाट पंथाचा छंद. या पंथाची विद्या कोणती, हा आजचा विषय.

गुपित फुटते ते गुपित जाणणाऱ्यांकडूनच, असा सर्वसाधारण समज आहे, आणि म्हणूनच स्पर्धकांकडून कडक करारनामे लिहून घेतले जातात. परंतु प्रवास ही गोष्टच अशी की, ती परक्यांच्या रस्त्यांवरून, परक्यांच्या गाड्यांतून आणि परक्यांच्या डोळ्यांदेखत करावी लागते; आणि तिच्यात काही गुपित आहे याची वार्ताही ज्यांना नाही, असे शेकडो साक्षीदार ती मागे ठेवीत जाते. स्पर्धक तोंड मिटून बसतो. पण पाठीवर बोजे घेतलेली दोन माणसे विमानतळावर जिवाच्या आकांताने धावत आहेत आणि त्यांच्यामागून कॅमेरावाला व ध्वनियंत्रवाला तितक्याच वेगाने धावत आहेत, हे दृश्य ज्या हमालाने पाहिले, त्याने कोणताही करारनामा केलेला नसतो. चाहत्यांची सारी विद्या या हमालाच्या जबानीवर उभी आहे.

आपल्याला जवळचा दाखला मुंबईचा. चौथ्या पर्वात स्पर्धकांपुढे महालक्ष्मीच्या धोबीघाटावर कपडे धुण्याचे काम आले. बाराव्या पर्वात, जुलै २००७ च्या पावसाळ्यात, भिंतीवर सिनेमाची पोस्टरे चिकटवा किंवा लग्नाचे हार ओवा असा पर्याय होता, गॅसच्या टाक्या गाडीवर लादून पत्त्यावर पोचविणे हे निराळेच, आणि मुक्काम वांद्र्याच्या किल्ल्यावर. ही कामे मुंबईकर रोज पाहतो म्हणूनच त्यांच्याकडे पाहत नाही. पण टाक्यांची गाडी गोरी माणसे ओढू लागली की गल्ली गोळा होणारच. हा प्रसंग प्रत्यक्ष पाहणारा संध्याकाळी चार जणांना सांगतो, आणि त्या चारांतला एखादा या स्पर्धेचा भक्त निघाला की मुंबईवर खूण पडते.

मात्र खूण म्हणजे मार्ग नव्हे. बाराव्या पर्वाच्या उत्तरार्धात क्रोएशिया, इटली, भारत, जपान, तैवान आणि अखेर अलास्का असा क्रम होता. पण क्रम कळण्यापूर्वी हाती असते ती नुसती ठिकाणांची विस्कळीत यादी, आणि पाहणाऱ्यांच्या तारखा तर गुरुवार होता की शुक्रवार इतक्याच नक्की. अशा वेळी खरा मुनशी म्हणजे विमानांचे वेळापत्रक. कोणत्या गावाहून कोणत्या गावी त्या दिवशी विमान होते, ते किती वाजता उतरले, आणि उतरल्यावर मुक्कामापर्यंत दिवसाउजेडी पोचणे शक्य होते का, या प्रश्नांची रुजवात घेत गेले की, दहांतले आठ क्रम आपोआप गळून पडतात. त्यापुढे डोकी मोजायची. एका देशात चार जोड्या दिसल्या आणि पुढच्या देशात तीनच, तर मधल्या मुक्कामी कोणाचा तरी निकाल लागला. आणि दिसलेल्या तिन्ही जोड्यांची वर्णने जुळविली की चौथीचे नावही सांगता येते.

निर्मात्यांना हे कळते. मौन पाळून भागत नाही म्हटल्यावर त्यांनी उलट उपाय योजला: बाद झालेल्या जोड्यांना लगेच घरी न धाडता आडबाजूला ठेवायचे आणि अखेरच्या शहरात त्यांपैकी काहींना बोजे पाठीवर देऊन खोटे धावायला लावायचे. साक्षीदाराचे तोंड बंद करता येत नसेल तर त्याला चुकीचे काहीतरी दाखवावे, हे राजकारण आपल्या मुलखाला नवीन नाही. सावधगिरी कधी कधी उलटतेही. स्पर्धेच्या मार्गावर लावायचे खुणेचे निशाण सहसा तांबडे-पिवळे असते. पण व्हिएतनाममध्ये, जुन्या दक्षिण व्हिएतनामच्या ध्वजाशी त्याचे साम्य वाटू नये म्हणून, पिवळे-पांढरे लावले गेले. म्हणजे सावधगिरीनेच तेथे एक नवी खूण निर्माण केली! (पहिल्या पर्वात मात्र ती निशाणे सगळीकडेच पिवळी-पांढरी होती, तेव्हा नवशिक्याने जपावे.)

मराठी वाचकाला ही पद्धत परकी वाटू नये, कारण आपल्या इतिहाससंशोधकांनी शिवछत्रपतींच्या आग्र्याहून परतीच्या मार्गाचा शोध याच रीतीने घेतला आहे. १७ ऑगस्ट १६६६ ला महाराज निसटले, संभाजीराजांना मथुरेत ठेवले, येथवर बरेचसे एकमत. पुढे बखरी त्यांना प्रयाग-काशीकडे नेतात, तर दुसरा पक्ष माळव्यातून थेट दक्षिणेचा जवळचा रस्ता धरतो, आणि राजगडावर पोचण्याची तिथी कोणती धरावी यावर दोन्ही पक्षांचे दिवसाच्या मजलांचे गणित अवलंबून राहते. आग्र्यातील वास्तव्याविषयी सर्वांत भरवशाचा पुरावा कोणाचा, तर आंबेरच्या कारभाऱ्यांनी आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या राजस्थानी पत्रांचा, जी पुढे जदुनाथ सरकार आणि रघुवीर सिंह यांनी प्रकाशात आणली. आणि ती भरवशाची अशासाठी की, लिहिणाऱ्याला रोजची खबर द्यायची होती, इतिहास लिहायचा नव्हता. मला तर यात चाहत्यांच्या हमालाचाच पूर्वज दिसतो. फरक एवढाच की, चाहत्यांना काही महिन्यांनी पडद्यावर उत्तर मिळते. संशोधकांचा वाद चालूच आहे.

आता ही विद्या गोव्यातल्या आपल्या मोरजीच्या किनाऱ्यावर लावून पाहू. समजा, पुढील पर्वाच्या जाहिरातीत तीन सेकंद एक किनारा दिसला, नाव कोठेच नाही. एका दुकानावर रशियन अक्षरे आहेत, तेव्हा युरोपातला चाहता काळ्या समुद्राच्या काठी धावणार; पण मागे माड आहेत, आणि त्याच पाटीवर खाली देवनागरी आहे, तेव्हा त्याला निमूटपणे हिंदुस्थानात परतावे लागते. झावळ्यांचे शॅक उभे आहेत. ते मे महिन्याच्या अखेरीस मोडले जातात, म्हणून पावसाळा वगळा. वाळूत एक चौकोन जाळीने बंदिस्त करून वनखात्याची पाटी लावली आहे. तेथे ऑलिव्ह रिडले कासवीण अंडी घालून गेली आहे आणि पिल्ले सुमारे पन्नास दिवसांनी बाहेर पडतात, तेव्हा हिवाळा किंवा त्याच्या मागचेपुढचे महिने. माणसांच्या सावल्या डावीकडे लांबल्या आहेत आणि समुद्र उजवीकडे आहे. समुद्र जर पश्चिमेचा, तर वेळ संध्याकाळची आणि कॅमेऱ्याचे तोंड दक्षिणेला. आणि त्या दक्षिणेला नदीचे मुख, पलीकडच्या टेकडीवर चिऱ्यांची पडकी तटबंदी: ती बार्देशातल्या शापोऱ्याच्या किल्ल्याची, जिथे ‘दिल चाहता है’ या २००१ च्या चित्रपटापासून पर्यटकांची रीघ लागली. म्हणजे अलीकडचा हा किनारा मोरजीचा.

इतके सारे सायास दूरच्या चाहत्याला. मोरजीच्या टेंबवाड्यावर रापण (मासेमारीचे मोठे जाळे) ओढणारा पागी ते चित्र पाहून पहिल्याच क्षणी गाव सांगेल, आणि वर ते शॅक कोणाचे तेही सांगेल. फक्त, त्याला ते कोणी विचारलेले नसते. या विद्येतले कसब बहुतांशी असा माणूस गाठण्यातच आहे.

दुसऱ्या जातीच्या स्पर्धेत हे सगळे पालटते. बीबीसीच्या ‘रेस अक्रॉस द वर्ल्ड’च्या २०२५ च्या पर्वात चीनच्या भिंतीपासून कन्याकुमारीपर्यंत जायचे होते, विमान वर्ज्य, जवळ फोन नाही, आणि विमानभाड्याइतक्याच रकमेत सारा खर्च. तेथे आयोजक मधले टप्पे ठरवितात. वाट ज्याची त्याने निवडायची. तेव्हा एकच मार्ग हुडकण्याचा प्रश्न उरत नाही, आणि विमानांच्या वेळापत्रकाची जागा रेल्वे व एसटी घेते. उत्तरेकडून कोकणमार्गे उतरणाऱ्यासाठी पेडणे स्थानकाची पाने उलटावी लागतील. उलट विमानवाल्या स्पर्धेच्या चाहत्याने जानेवारी २०२३ पासून एक नवी नोंद ठेवावी: गोव्यात पोचायला आता दाबोळीबरोबर आपल्याच तालुक्यातले मोपाही आहे, आणि तेथून मोरजी दाबोळीपेक्षा पुष्कळच जवळ. दोन विमानतळांमुळे तर्काच्या फांद्या दुप्पट झाल्या, याबद्दल चाहत्यांनी सरकारचे आभार मानावेत की तक्रार करावी, ते त्यांचे त्यांनी पाहावे.

बाद झालेल्या जोड्यांना आडबाजूला ठेवतात ते कसे, आणि तेथे त्यांचा दिनक्रम काय असतो, ते पुढील लेखांकात.