गप्प बसलेले कार्ड

पावसाळा संपल्यावर मालवण किनाऱ्यावरील एका माध्यमिक शाळेत आम्ही व्याख्यानासाठी गेलो होतो. शाळेच्या संगणक खोलीत देणगीत मिळालेले सहा जुने संगणक होते. त्यांवर लिनक्स ही युनिक्सच्या धर्तीची, विनामूल्य मिळणारी कार्यप्रणाली चालत होती. पाच संगणक एकमेकांशी बोलत होते. सहावा जूनपासून गप्प होता. ‘आता एकेक करून सगळेच जाणार’ असे म्हणून मुख्याध्यापकांनी भंगारवाल्याला सांगून ठेवले होते. आम्ही दुपारभर थांबलो. त्या दुपारी आमच्या हातून एक चूक झाली. ती सांगण्यासारखी आहे.

जुन्या यंत्रांवर लिनक्स घालून ती शाळेत वापरण्याचा प्रयोग आपल्या भागाला नवा नाही. शेजारच्या गोव्यात २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’ने परदेशातून वापरलेले संगणक आणून शाळांना दिले होते आणि त्यांवर लिनक्स चालवले होते. अशी यंत्रे टिकवायची तर दोष शोधण्याची रीत शाळेतच हवी.

दिवा काय सांगतो?

ईथरनेटचा जन्म १९७३ सालचा, अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेतला. तारेचे प्रकार व वेग पुढे बदलले, पण संदेश बांधण्याची पद्धत फारशी बदलली नाही. म्हणून वीस-पंचवीस वर्षांचे कार्ड आजच्या स्विचशी सहसा बोलू शकते.

कार्डाच्या मागे एक छोटा दिवा असतो. १० मेगाबिट वेगाचे कार्ड पाठवायला काही नसले तरी साधारण दर १६ मिलिसेकंदांनी तारेत एक सूक्ष्म स्पंद सोडते. १०० मेगाबिटची कार्डे अशाच स्पंदांच्या समूहांतून आपला वेगही कळवतात. पलीकडून येणारे स्पंद मिळत राहिले की दिवा लागतो. म्हणजे कार्डावरचा दिवा येणाऱ्या वाटेची साक्ष देतो आणि स्विचवरचा दिवा जाणाऱ्या वाटेची. आमच्या गप्प संगणकाचे दोन्ही दिवे लागत होते. तारेवरचा संशय मिटला.

यंत्राला कार्ड दिसते का?

पुढची पायरी म्हणजे ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा. फार जुन्या आयएसए पद्धतीच्या कार्डांना स्वतःची ओळख सांगता येत नसे. त्यांचा पत्ता व व्यत्यय क्रमांक बहुधा हाताने ठरवावा लागे आणि दोन कार्डांना एकच क्रमांक मिळाला की भांडण ठरलेले. १९९२ साली आलेल्या पीसीआय पद्धतीत कार्ड विचारल्यावर आपले दोन क्रमांक सांगते: निर्माता कोण व उपकरण कोणते. त्यांवरून लिनक्सचा गाभा योग्य ड्रायव्हर निवडतो. खाचेतून उत्तरच आले नाही तर वाचताना सगळे अंक एक येतात आणि गाभा समजतो की खाच रिकामी आहे.

आमच्या यादीत कार्ड नव्हते. खाचेत तर दिसत होते!

कारण हवेत होते. आपल्या घरातल्या बरणीतले मीठ पावसाळ्यात पाझरते. शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला हवेतले पाणी ओढून विरघळू लागते, आणि समुद्राच्या मिठातले मॅग्नेशियम क्लोराइड त्याहून खूप कमी आर्द्रतेला. किनाऱ्यावरच्या वाऱ्याबरोबर हे कण यंत्रात जातात. कार्डाच्या कडेच्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा असतो. सोने गंजत नाही, पण पातळ मुलाम्याला सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून खारे पाणी खालच्या निकेल व तांब्यापर्यंत पोचते. वर येणारा गंज वीज नीट वाहू देत नाही. एखाद्या पट्टीपुरता संपर्क तुटला तरी कार्ड मुके होते.

आम्ही संगणकाची तार भिंतीतून काढली, हात धातूच्या पेटीला लावून अंगावरची स्थिर वीज घालवली, कार्ड उपसले आणि पट्ट्या मऊ खोडरबराने हलकेच पुसल्या. (घासू नये, मुलामा निघतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळाले तर उत्तम.) जुनी खाचही खराब दिसली, म्हणून कार्ड शेजारच्या खाचेत बसवले. यंत्र सुरू केले. यादीत कार्ड आले! गाभ्याच्या नोंदी दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’ आज्ञेने ड्रायव्हर जोडला गेल्याचेही सांगितले. पण ‘पिंग’ला उत्तर नाही.

आमची चूक

अर्धा तास खटपट करून आम्ही निकाल दिला: कार्ड आतून गेले आहे. वळवाच्या पावसात विजेच्या लोटाने कार्डे जातात, हे खरेच आहे. आम्ही आवराआवर करू लागलो. तेव्हा नववीतली एक मुलगी, जी सगळे वहीत टिपून घेत होती, म्हणाली, “सर, इथे पाच आहे आणि तिथे सहा.”

तिने ‘आयपी लिंक’ या आज्ञेचे उत्तर आणि मांडणीची फाइल शेजारी ठेवून वाचली होती. फाइलमध्ये कार्डाचे नाव ‘ईएनपी२एस५’ होते, पडद्यावर ‘ईएनपी२एस६’. पूर्वी लिनक्स सापडेल त्या क्रमाने ‘ईटीएच०’, ‘ईटीएच१’ अशी नावे देई. २०१३ नंतर हळूहळू बहुतेक वितरणांत जागेवरून नाव ठेवण्याची पद्धत आली: दोन क्रमांकाचा मार्ग, पाच क्रमांकाची खाच. आम्ही खाच बदलली, म्हणून नाव बदलले. फाइल मात्र नसलेल्या कार्डाला पत्ता देत बसली होती. एक आकडा बदलला आणि पिंगला उत्तर आले.

आम्ही एकाच वेळी दोन बदल केले होते: पट्ट्या पुसल्या आणि जागाही बदलली. पहिल्याने दोष गेला, दुसऱ्याने नवा आला. बाहेरून लक्षण एकच: यंत्र गप्प. शिवाय स्विचवरचा दिवा आमच्या निदानाविरुद्ध साक्ष देत होता, आणि आम्ही ती ऐकली नव्हती. निकाल देण्याआधी ते कार्ड चालत्या संगणकात घालून पाहणे, आणि चालते कार्ड त्याच खाचेत बसवणे, एवढी साधी तुलनाही आम्ही केली नव्हती. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना जे शिकवतो, तेच संगणक खोलीत विसरलो.

वर्गासाठी

शाळेत जुने यंत्र असेल तर मुलांकडून एक तक्ता करून घ्यावा. पायऱ्या पाच: तार, कार्ड, ड्रायव्हर, नाव, पत्ता. प्रत्येक पायरीपुढे तीन रकाने: कोणती चाचणी केली, काय उत्तर यायला हवे होते, काय आले. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वर चढायचे नाही आणि एका वेळी एकच बदल करायचा. बदलाने उपयोग झाला नाही तर तो मागे घेऊन मगच पुढचा. मुद्दाम एखादी तार सैल करून किंवा नावातला आकडा बदलून शिक्षकांनी दोष ‘लपवावा’ आणि गटांनी तो शोधावा.

त्या शाळेने भंगारवाल्याला नको म्हणून कळवले. आम्ही निघालो तेव्हा ती मुलगी तक्त्यात सहाव्या संगणकाची ओळ भरत होती.