काना-मात्रा आणि जावास्क्रिप्ट

गेल्या चैत्रांत एका संस्थेच्या आजीव सभासदत्वाचा अर्ज मला संगणकावर भरावा लागला. अर्ज मराठींत होता, त्यामुळें प्रथम आनंदच झाला. पहिल्या चौकटींत मीं आपलें नांव 'रघुनाथ' असें लिहिलें, तोंच चौकटीची कड तांबडी झाली आणि खालीं सूचना उमटली कीं, 'नांवांत केवळ अक्षरेंच असावीं.' तेहतीस वर्षें ज्यानें पोरांकडून अक्षरें घोटवून घेतलीं त्या शाळामास्तराला हें वाचून काय वाटलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

आपल्या हातून कांहीं चूक झाली असेल म्हणून मीं घरांतील आणि आळींतील नांवें एकामागून एक घालून पाहिलीं. 'गोपाळ' नाहीं, 'सीता' नाहीं, 'विनायक' नाहीं. मग सहज 'मदन' लिहिलें, तें मात्र निमूटपणें स्वीकारलें गेलें. 'शरद' चालला, 'वसंत' चालला नाहीं. सहा ऋतूंमध्यें असा पंक्तिप्रपंच कोणी करील, असें मला कधीं वाटलें नव्हतें.

आमची सूनबाई हिंजवडीच्या एका कचेरींत याच जातीचें काम करते. संध्याकाळीं ती घरीं आल्यावर तिला तांबडी चौकट दाखविली. ती हंसून म्हणाली, "बाबा, ही जावास्क्रिप्टची चौकी आहे. ज्यानें ती बसवली, त्यानें काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षरांत धरलेलंच नाहीं. मदनाला काना-मात्रा नाहीं, म्हणून तो सुटला." वसंताच्या डोक्यावरचा अनुस्वारही त्या चौकीदारास खपला नव्हता. पुढें चार-पांच रविवार तिनें मला या भाषेची जी ओळख करून दिली, तिचा कांहीं भाग वाचकांपुढें ठेवीत आहें. ज्यांच्या घरांतील मुलें-सुना रोज आठ-दहा तास या भाषेच्या सहवासांत घालवितात, त्या वडीलधाऱ्यांस ती अगदींच परकी राहूं नये, एवढाच हेतु.

जावास्क्रिप्टचा जन्म १९९५ च्या मे महिन्यांतला. नेटस्केप या अमेरिकन कंपनींत ब्रेंडन आइक नांवाच्या गृहस्थानें अवघ्या दहा दिवसांत तिचा पहिला आराखडा उभा केला. तिचें बारशाचें नांव मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जावास्क्रिप्ट. जावा म्हणून जी दुसरी भाषा आहे, तिचा त्या काळीं मोठा बोलबाला होता. त्या नांवाचा लाभ व्हावा म्हणून हें नामकरण झालें. एरवीं दोहोंचा संबंध कडुलिंब आणि लिंबू यांच्याइतकाच. या नांवाचा हक्क पुढें ओरॅकल कंपनीकडे गेला, आणि तो रद्द व्हावा म्हणून २०२४ च्या नोव्हेंबरांत डेनो या कंपनीनें अमेरिकेच्या व्यापारचिन्ह-कचेरींत अर्ज गुदरला. शास्त्रग्रंथांत मात्र या भाषेचें नांव 'एक्मास्क्रिप्ट' असें आहे, कारण तिचे नियम जिनीव्हा येथील एक्मा ही संस्था प्रसिद्ध करते. पहिला नियमग्रंथ जून १९९७ मध्यें निघाला. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीनें भाषेचा कायापालट केला आणि तेव्हांपासून दरवर्षीं नवी आवृत्ति निघते.

नियम ठरविण्याची रीत मला फार आवडली. टीसी-३९ नांवाची एक समिति आहे. कोणताही नवा प्रयोग तिच्यापुढें पूर्वपक्षासारखा मांडला जातो आणि शून्यापासून चारपर्यंतच्या पायऱ्या चढून गेल्यावरच तो ग्रंथांत शिरतो. निर्णय बहुमतानें होत नाहींत, एकमतानें होतात; म्हणून एकेका प्रयोगास वर्षानुवर्षें तिष्ठावें लागतें. पाणिनीनें सूत्र करावें, कात्यायनानें त्यावर वार्तिक लिहावें आणि पतंजलीनें दोहोंची झडती घ्यावी, तसाच हा प्रकार. ही तुलना केवळ माझ्या संस्कृताभिमानांतून आलेली नाहीं. संगणकभाषांचें व्याकरण ज्या संकेतपद्धतीनें लिहितात, तिला बॅकस याच्याबरोबर पाणिनीचेंही नांव द्यावें, अशी सूचना १९६७ मध्यें पी. झेड. इंगरमन यांनीं एका पत्रांत केली होती.

आणखी एक साम्य. महाभारतादि ग्रंथांत व्याकरणाला न मानवणारें रूप आढळलें, तर आपण तें चूक म्हणत नाहीं, आर्ष प्रयोग म्हणतों. जावास्क्रिप्टमध्यें असे आर्ष प्रयोग पुष्कळ आहेत. 'कांहींच नाहीं' या अर्थाचें 'नल्' म्हणून एक मूल्य आहे. 'याची जात कोणती?' असें विचारल्यास भाषा 'वस्तु' असें उत्तर देते. ही मूळची चूक आहे हें सर्व जाणतात, परंतु ती सुधारली तर गेल्या तीस वर्षांचीं जुनीं पानें मोडतील, म्हणून ती तशीच ठेवली आहे. सूनबाई हें सांगतांना हंसत होती. मला मात्र हंसूं आलें नाहीं. आमच्या पुढील वैशेषिकांनीं अभाव हा सातवा पदार्थ मानलाच आहे.

आतां काना-मात्रांकडे वळूं. या कथेचा एक मोठा धागा आपल्या पुण्यांतूनच जातो, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. १९८८ मध्यें येथें सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. 'परम' महासंगणकामुळें तिचें नांव गाजलें. परंतु कानपूरच्या आय.आय.टी.मध्यें आरंभिलेलें भारतीय लिप्यांचें 'जिस्ट' नांवाचें कामही त्याच सुमारास तिच्याकडे आलें, तें माझ्या मतें कमी मोलाचें नव्हे. भारतीय लिप्यांसाठीं 'इस्की' नांवाची संकेतमाला तयार झाली, १९९१ मध्यें तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला, आणि तिच्या १९८८ च्या रूपावरूनच जागतिक युनिकोडांतील देवनागरीची मांडणी बेतली गेली. या मांडणीचें तत्त्व शिक्षाग्रंथकारांस पटलें असतें. 'कि' लिहितांना वेलांटी डोळ्यांस आधीं दिसते, जुन्या टंकयंत्रावर ती आधीं उमटवावीही लागे. परंतु संगणकाच्या पोटांत आधीं क् आणि मग इकार असाच क्रम राहतो. दिसण्याला मान नाहीं, उच्चाराला आहे.

मात्र याच मांडणीमुळें काना, मात्रा, उकार हे स्वतंत्र संकेत झाले, आणि युनिकोडानें त्यांना 'अक्षर' या वर्गांत न घालतां 'चिन्ह' या वर्गांत घातलें. वर्गवारी म्हणून तें चूक नाहीं. २०१८ च्या आवृत्तीपूर्वीं जावास्क्रिप्टची तपासणी इंग्रजी ए ते झेडच्या पलीकडे सहज पाहूंच शकत नसे. त्या आवृत्तीनें 'कोणत्याही लिपींतील अक्षर' असें म्हणण्याची सोय केली आणि शेजारींच 'कोणत्याही लिपींतील चिन्ह' असें म्हणण्याचीही केली. आमच्या अर्जाच्या कर्त्यानें पहिली वापरली, दुसरी विसरला. दोष भाषेचा नव्हे. ज्यानें 'शरद' घालून पाहिला आणि 'वसंत' घालून पाहिला नाहीं, त्याचा.

मोजणीची गोष्ट याहून गमतीची. 'क्षत्रिय' या शब्दांत अक्षरें किती? बालवर्गांतील पोर सांगेल, तीन. जावास्क्रिप्टला लांबी विचारली तर ती सांगते, आठ: क, हलन्ताचें चिन्ह, ष, त, पुन्हां हलन्त, र, वेलांटी आणि य. मराठी मथळे किंवा निरोप अमुक लांबीवर छाटले जातात, तेव्हां शेवटीं लोंबणारा पाय मोडलेला हलन्त आपणांस दिसतो, त्याचें कारण हेंच. यावर 'सेग्मेंटर' नांवाचा उपाय निघाला. तो शब्दाचे तुकडे वाचकाच्या दृष्टीनें पाडतो. क्रोम ब्राउझरनें तो २०२० मध्यें घेतला, फायरफॉक्समध्यें तो एप्रिल २०२४ मध्यें आला. परंतु प्रथम तोही जोडाक्षरें फोडीत असे आणि 'क्षत्रिय'चे पांच तुकडे करी. सप्टेंबर २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्यें देवनागरीसह कांहीं भारतीय लिप्यांचीं जोडाक्षरें अखंड ठेवण्याचा नियम आला, तेव्हां कोठें क्ष, त्रि, य असे तीन तुकडे पडूं लागले.

आपल्या मराठीचा एक खास प्रश्न मात्र अजून सुटलेला नाहीं. 'आचार्यास दक्षिणा दिली' आणि 'आचाऱ्यास दक्षिणा दिली' यांत दक्षिणा कोणाच्या हातीं पडली हें सांगणारा जो अर्धा र, तो संगणकावर दोन रीतींनीं लिहितां येतो. एक रीत, खालीं टिंब असलेल्या ऱ पासून. दुसरी, साध्या र ला हलन्त देऊन पुढें एक अदृश्य सांधा घालण्याची. डोळ्यांस दोन्ही सारखींच दिसतात, जावास्क्रिप्टच्या लेखीं ते भिन्न शब्द. निरनिराळे लिहिलेले समान संकेत एकरूप करण्याची जी सोय २०१५ च्या आवृत्तींत आली, तिलाही हे दोन एक करतां येत नाहींत. ही केवळ पंडिती कुरकुर नव्हे. गेल्या वर्षीं आमच्या एका स्नेह्यांच्या मुलीसाठीं स्थळें पाहतांना एका वधूवरसूचक यादींत आम्हीं 'कऱ्हाडे' असा शोध घेतला, तों एकही स्थळ नाहीं. यादींत निदान दोन कऱ्हाडे कुटुंबें आहेत हें मला ठाऊक होतें, कारण त्यांचे अर्ज मींच लिहून दिले होते. बिचाऱ्यांची नोंद दुसऱ्या रीतीच्या र नें झालेली! सूनबाईनें दोन्ही रीतींनीं शोधून दिलें तेव्हां तीं सांपडलीं, आणि त्यांतील एका घरीं आतां बोलणींही चाललीं आहेत.

अंकांच्या बाबतींत भाषेनें मला आधीं सुखविलें आणि मग दुखविलें. संख्या मराठी रीतीनें लिही म्हटलें, कीं ती १,२३,४५६ अशी लक्ष-सहस्रांचे स्वल्पविराम देऊन चोख देवनागरींत लिहिते. हिंदी म्हटल्यास स्वल्पविराम तसेच, पण अंक इंग्रजी. मराठीचे अंक मराठीच राहिले याचें मला समाधान वाटलें. परंतु तेंच '१२' तिला वाचावयास दिलें, तर उत्तर येतें, 'संख्या नव्हे'. लिहितां येतें, पण स्वतःचें लिहिलेलें वाचतां येत नाहीं, असा विद्यार्थी माझ्या सबंध नोकरींत मला भेटला नाहीं.

या भाषेच्या उपासकांचा संसार कसा चालतो, हेंही सांगितलें पाहिजे. जुन्या पुण्यांत गरीब विद्यार्थी वार लावून जेवीत. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या. जावास्क्रिप्टचा प्रत्येक प्रकल्प असाच वारावर जेवतो. लहानसहान कामांसाठीं कोणी तरी लिहून ठेवलेले तयार तुकडे 'एनपीएम' या कोठारांतून फुकट घ्यावयाचे. १९१६ मध्यें नव्हे, २०१६ च्या मार्चांत (मास्तरांच्या हातून शतक चुकलें, क्षमा असावी) अझेर कोचुलू नांवाच्या एका लेखकानें रागावून आपले तुकडे मागें घेतले. त्यांत शब्दाच्या डावीकडे जागा भरणारा, अवघ्या अकरा ओळींचा 'लेफ्ट-पॅड' होता. परंतु त्या एका घरचा वार बंद होतांच जगांतील मोठमोठ्या प्रकल्पांचीं पानें रिकामीं राहिलीं. पुढच्याच वर्षीं भाषेनें ती सोय स्वतःच्या पोटांत घेतली. याहून वाईट प्रसंग ८ सप्टेंबर २०२५ रोजीं आला. बनावट पत्र पाठवून एका सांभाळकर्त्याच्या किल्ल्या चोरल्या गेल्या आणि 'चॉक', 'डीबग' आदि अठरा तुकड्यांत विष कालविलें गेलें. हे तुकडे मिळून आठवड्याला दोनशे कोटींहून अधिक वेळां उतरविले जातात. कांहीं तासांत ही लबाडी पकडली गेली म्हणून बरें. त्या रात्रीं सूनबाईच्या कचेरींतला दूरध्वनि दोनदां वाजला, आणि ती जेवणावरून उठली ती पहांटे निजली. सासूबाईंनीं तिचें ताट झांकून ठेवलें होतें.

असें असूनही ती या कामाला कंटाळत नाहीं. मध्यंतरीं तिनें नातवासाठीं पाढ्यांचें एक छोटें यंत्र लिहिलें. या भाषेंत आज्ञांचे शब्द इंग्रजी असतात, पण राशींना नांवें देवनागरींत देतां येतात. वर सांगितलेला अदृश्य सांधासुद्धां त्या नांवांत चालतो. म्हणून तिनें 'पाढा', 'पट', 'गुणाकार' अशीं नांवें दिलीं. नातू नऊ वर्षांचा आहे. यंत्रानें एकोणतीसचा पाढा देवनागरी अंकांत ओळीनें उतरविला, तेव्हां त्यानें तो माझ्याकडून तपासून घेतला. बरोबर होता.

त्या संस्थेस सूनबाईनें पत्र लिहिलें आणि नेमका कोठें कोणता शब्द वाढवावा, हें सांगितलें. तीन आठवड्यांनीं उत्तर आलें कीं, दुरुस्ती झाली आहे, पुन्हां प्रयत्न करावा. मीं नातवास जवळ बसवून अर्ज उघडला. 'रघुनाथ' हें नांव उकार-कान्यासह स्वीकारलें गेलें. खालच्या चौकटींत वय विचारलें होतें, तेथें मीं ६७ असे अंक लिहिले. चौकट तांबडी झाली. मीं सूनबाईस पुन्हां हांक मारली.